महाडच्या वाटेवरील मेंढरांचे वाडे

मुंबईहून महाडला जाणारा रस्ता आपल्या मंडळींना पाठ असतो. २५ डिसेंबर असो की २० मार्च, एस.टी. असो की वस्तीने भाड्याने केलेला टेम्पो, पनवेल मागे पडले की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव ही नावे मुलेसुद्धा क्रमाने सांगतात. वडखळला वडापाव होतो, कोणीतरी भीमगीत सुरू करते, म्हातारी माणसे डुलक्या घेतात. त्याच वेळी खिडकीबाहेर, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत, जाळीच्या कुंपणात दाटीवाटीने बसलेली मेंढरे, एकदोन पाले, खुंटाला बांधलेले घोडे आणि चुलीचा धूर दिसतो. आपण बघतो आणि पुढे जातो. घाटावरचे धनगर आहेत, एवढे बोलले की विषय संपतो.

या वेळी मी दोन दिवस आधी निघाले आणि पेणला उतरले. पेणहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, खाडीच्या अंगाला माझ्या मामांचे गाव आहे. गावाच्या एका कडेला बौद्धवाडी, तिच्यापुढे खारभूमीचा बांध, बांधापलीकडे खारफुटी आणि भरतीचे पाणी. मामांकडे जेमतेम एक एकर भातशेती आहे. मी पोहोचले तेव्हा मामा अंगणात एका पागोटेवाल्या म्हाताऱ्या धनगराशी बोलत बसले होते आणि मामी दारातून दोघांकडे संशयाने बघत होती.

बोलणे चालले होते शेतात मेंढ्या बसवण्याचे. ज्यांना शेतीची माहिती नाही अशा शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भात निघाल्यावर शेत रिकामे होते. धनगराचा वाडा, म्हणजे तीनचार बिऱ्हाडे आणि त्यांची तीनशेचारशे मेंढरे, दिवसभर आसपास चरतो. रात्री ती मेंढरे एका शेतात वाघर लावून, म्हणजे दोरीच्या जाळीचे कुंपण करून बसवतात. रात्रभरात लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते. दुसऱ्या रात्री वाघर थोडी पुढे सरकवायची. तीनचार रात्रींत शेत खतावून निघते. बदल्यात शेतकरी तांदूळ देतो किंवा रोख पैसे. पूर्वी सारा व्यवहार तांदळातच असे. घाटावर भात पिकत नाही, म्हणून त्यांना तांदळाची किंमत. आणि कोकणच्या धुवून निघालेल्या जमिनीला खताची भूक. दोन प्रदेशांनी एकमेकांची गरज भागवायची अशी ही जुनी रीत आहे.

ही माणसे येतात कुठून? बारामती, पुरंदर, फलटण, पारनेर अशा अवर्षणी तालुक्यांतून. तिकडे वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. दिवाळीनंतर गवत आणि पाणी दोन्ही संपत जाते. इकडे रायगडात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत ओल आणि हिरवळ असते. मग बोरघाट, ताम्हिणी, वरंधा अशा घाटांनी वाडे खाली उतरतात आणि मृगाच्या आधी परत वर चढतात. पावसाळ्यात मात्र इथे राहता येत नाही. दख्खनी मेंढरू कोरड्या हवेचे. चिखलात त्याचे खूर सडतात, अंगावरची लोकर भिजून ते आजारी पडते. म्हणजे ही भटकंती हौसेची नाही, पावसाच्या हिशोबाची आहे. घरदार टाकून फिरणारी माणसे असे आपण म्हणतो, पण यांना घरही असते, गावही असते आणि परतीची तारीखही ठरलेली असते.

मामीचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. शेजारच्या तुकड्यात तिने वाल पेरला होता. भातानंतरच्या ओलीवर येणारा हा वाल म्हणजे आमच्या रायगडकरांचा जीव. जानेवारीत त्याच्या शेंगांची पोपटी लागली नाही तर थंडी आलीच नाही असे वाटते. वालाच्या पलीकडे दुसऱ्या एकाचा पांढरा कांदा. अलिबागच्या या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचा भाव आणि मालकाचा पारा दोन्ही चढलेले. एखादे मेंढरू वाघरीतून सुटले तर भांडण कोणाच्या दारात येणार? "बौद्धवाडीच्या दारात," मामी म्हणाली. "मोठ्यांचं मोठे बघून घेतील, निस्तरायचं आपल्याला."

म्हाताऱ्याने ते ऐकले. म्हणाला, "आक्का, रातच्याला मी सोता वालाकडंला निजतो. एक पान जरी खाल्लं तर तांदूळ देऊ नगा."

तीन रात्रींचे एक मण तांदूळ ठरले. चहा आला. म्हातारा कपात फुंकर घालत होता तेव्हा मामा मला हळूच म्हणाले, "माझा आजा येसकर होता. धनगर गावात उतरले की कुठवर चारायचं, कोणाचं शेत कुठं संपतं, हे दाखवायला पाटील आजालाच पाठवायचा. हद्द महारानं दाखवायची. पण आपल्या घरचं पाणी मात्र ते घेत नव्हते हो. आपल्या तुकड्यात मेंढरं बसवायचे, तांदूळ घ्यायचे, तो वरून टाकलेला घ्यायचे." हे लिहावे की नाही असा विचार मनात आला. पण चांगले तेवढेच लिहिले तर निम्मीच हकिकत सांगितल्यासारखे होईल. स्वतः वर्षाचे सहा महिने उघड्यावर काढणाऱ्या, गावोगावी परके म्हणून वागवल्या जाणाऱ्या माणसांनीही विटाळ पाळला. आज तो म्हातारा आमच्या कपातून चहा पितो, आणि मामांना त्याचे काही वाटत नाही, मला वाटले.

बाबासाहेबांचा १९४८ चा अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ ज्यांनी वाचला असेल त्यांना इथे एक गोष्ट आठवेल. त्यांची मांडणी अशी की एके काळी सारा समाजच गुरे राखत फिरणारा होता. काही टोळ्या शेती शिकून स्थिर झाल्या, काही फिरत्याच राहिल्या. टोळ्यांच्या लढायांत हरून विखुरलेली, आपल्या टोळीपासून तुटलेली माणसे स्थिर गावाच्या वेशीबाहेर राहू लागली आणि फिरत्या टोळ्यांपासून गावाचे रक्षण करू लागली. त्यांतूनच पुढे अस्पृश्य म्हणून ठरवलेले लोक आले. विद्वान त्यावर वाद घालतात, घालोत. पण मामांच्या अंगणात एकीकडे येसकराचा नातू आणि दुसरीकडे मेंढपाळ, असे दोघे शेताच्या हद्दीविषयी बोलताना पाहून तो ग्रंथ मला कपाटातला वाटला नाही.

आता इंग्रजांकडे येऊ. इंग्रज यायच्या आधी सगळे गोडीगुलाबीचे होते असे मुळीच नाही. पेशवाईत वनचराईचा कर होता, आणि आपल्या लोकांचे पेशवाईत काय हाल होते ते सांगायला नको. पण कर देऊन का होईना, रान उघडे होते. १८१८ साली पेशवाई संपली, १८४० साली आंग्र्यांचा कुलाबा इंग्रजांनी खालसा केला, १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८१ पासून त्याचेच नाव रायगड. नव्या सरकारला महसूल ठरलेल्या जमिनीवरून, ठरलेल्या नावावर हवा होता. मोजणी झाली, प्रत्येक तुकड्याला नंबर पडला. ज्याचे नाव सातबाऱ्यासारख्या कागदावर नाही, जो आज इथे आणि महिन्याने पन्नास मैलांवर, असा माणूस त्या वहीत कुठल्या रकान्यात बसवायचा? पडीक म्हणून जी गायराने होती ती लागवडीला देण्याकडे सरकारचा कल राहिला. तिकडे घाटावर १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला आणि बारामतीकडच्या चराईच्या माळांवर हळूहळू ऊस उभा राहिला. कालवा वाईट होता असे मी म्हणत नाही, उसाने अनेकांची घरे उभी केली. फक्त त्या माळावर आधी कोण होते, हे कोणी विचारले नाही.

१८७१ हे साल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. गावोगावचे कोंडवाडे याच कायद्याखाली चालत: मोकाट जनावर धरायचे, कोंडायचे, दंड भरल्यावर सोडायचे. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. म्हणजे बारा महिन्यांच्या आत एकाच सरकारने फिरत्या जनावराचाही कायदा केला आणि फिरत्या माणसाचाही. दुसरा कायदा आधी उत्तरेत लागू झाला, मुंबई इलाख्यात १९११ नंतर आला. मग पारधी, कैकाडी वगैरे जमातींची नोंदणी, हजेऱ्या, सोलापूरची ती तारेच्या कुंपणातली वसाहत. धनगर या यादीत नव्हते. पण फिरणारा तो संशयित, ही समजूत एकदा सरकारी झाली की ती यादी बघून थांबत नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. समजूत रद्द करणारा कायदा अजून व्हायचा आहे. गावात चोरी झाली की आधी पालांकडे बोट जाते, हे धनगराच्या म्हाताऱ्याने मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितले.

कोंडवाड्यापेक्षाही मोठी गोष्ट जंगलाची. १८७८ च्या कायद्याने रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. राखीव रानात परवान्याशिवाय जनावर चारणे हा गुन्हा झाला. शेळीमेंढीवर तर जंगल खात्याचा विशेष राग. ती कोवळे रोप खाते म्हणून. झाडे वाचवायची होती हे खरे. पण ती कोणासाठी? जहाजांचे सागवान, रेल्वेच्या पट्ट्यांखालचे ओंडके, हे खात्याच्या हिशोबात आधी होते. कोकणातला शेतकरीही यात सापडला. भाताची रोपे टाकण्याआधी फांद्या, पालापाचोळा आणि शेण जाळून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. त्या फांद्या तोडायलाही बंदी येऊ लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. जोतीराव फुल्यांनी त्याआधीच, १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, जंगल खात्याने गरिबांच्या गुराशेळ्यांचे रान कसे हिरावले त्यावर कोरडे ओढले होते. ज्यांचे रान गेले त्यांच्यासाठी त्या काळी इतक्या स्पष्टपणे लिहिणारे फार थोडे होते.

याच किनाऱ्यावर, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले. त्यांत नवश्या कातकरी होता. कातकऱ्यांचा धंदाच खैराच्या झाडापासून कात काढण्याचा; खैर सरकारी झाला आणि धंदा चोरीचा ठरला. जंगलाचा नवा कायदा १९२७ साली झाला, तोच मुख्यतः आजही चालतो. १९२७! त्याच वर्षी मार्चमध्ये, याच जिल्ह्यातल्या महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. त्या तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, माणसाला बंदी होती. आणि रानात त्याच सुमाराला जनावराला बंदी. एकाचा विटाळ धर्माने ठरवला, दुसऱ्याचा सरकारने.

धनगर म्हटले की सगळ्यांना मेंढरेच दिसतात, पण रायगडच्या डोंगरांत दुसरे धनगरही आहेत, गवळी धनगर. ते म्हशी पाळतात, डोंगराच्या माथ्यावर चारसहा घरांचे धनगरवाडे करून राहतात. दूध आटवून, लोणी-तूप करून खालच्या गावात आणायचे आणि भात न्यायचे. रायगड किल्ल्यावरची हिरकणी गवळणच होती. लेकरासाठी रात्री कडा उतरली ती. ती गोष्ट आपण बुरुजासाठी सांगतो, पण तिच्या डोक्यावर दुधाची कासंडी का होती हेही त्यात आहेच. या लोकांचे रान जेव्हा राखीव झाले तेव्हा म्हशी कमी झाल्या आणि पोरे मुंबई-ठाण्याला गेली. माथेरानवरही साहेब लोकांनी १८५० साली पाऊल टाकले तेव्हा धनगर, ठाकूर, कातकरी तिथे होतेच. आपण मात्र शाळेत माथेरान साहेबाने शोधले असे शिकतो.

वंजारी-लमाणांचे सांगायचे तर त्यांच्यावर वेगळाच लेख हवा. पेण, नागोठणे, महाड या खाडीकाठच्या पेठांमधून मीठ भरून त्यांचे बैलांचे तांडे घाट चढत आणि घाटावरचे धान्य खाली आणत. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटात आगगाडी चढली, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाचे दिवस भरले. ज्यांच्या तांड्यांवर इंग्रजांच्या फौजा जेवल्या होत्या, त्यांचाच धंदा इंग्रजांच्या रुळाखाली गेला.

संध्याकाळी मी मामींबरोबर शेतावर गेले. वाघर लागली होती. कोकरे वेगळी, एका लहान जाळीत, आणि त्यांच्या आया बाहेरून ओरडत होत्या. धनगरणी भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्यातली एक साठीची बाई मला म्हणाली, "ताई, बाप्या मान्साचं काय, तो काठी घिऊन मेंढरामागं जातो. बिऱ्हाड मोडायचं, घोड्यावर लादायचं, म्होरल्या तळावर पुन्यांदा मांडायचं, ते बाईचं." खरेच, लोक या धंद्यात मेंढका बघतात, पण पाल, चूल, पाणी, लेकरू, आजारी कोकरू हे सगळे बायका ओढतात. मी विचारले, मावशी, नातवंडे शाळेत जातात का? दोन गावाकडे आजीजवळ आहेत, म्हणाली, आणि ही इथे. ही म्हणजे नऊदहा वर्षांची मुलगी. कडेवर कोकरू. पाटीवर नाव लिहिता येते, पण नोव्हेंबर ते मे शाळा नाही. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा तिलाही लागू आहे. मात्र शाळा जागची हलत नाही आणि मेंढरू जागेवर राहत नाही. मामीने तिला आमच्या नातीची जुनी बालभारती दिली. पुस्तकाने प्रश्न सुटला असे मुळीच नाही. तिने मात्र लगेच चुलीच्या उजेडात चित्रे बघायला घेतली.

मावशीचा खरा घोर वेगळा होता. त्यांचा नेहमीचा तळ रस्त्यापलीकडे, वीस वर्षे एकाच शेतकऱ्याच्या दोन एकरांत. या वर्षी आले तर तिथे सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. जमीन विकली, बंगले होणार. इथे ही गोष्ट नवी नाही. ऐंशीच्या दशकात थळला खताचा कारखाना आला, पोत्यातला युरिया स्वस्त आणि हलका झाला, तेव्हाच लेंडीखताचा भाव पडायला लागला. मग न्हावाशेवा बंदर, नागोठण्याचा कारखाना. २००८ साली पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझसाठी मतदान घेऊन आपल्या जमिनी राखल्या, हे आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाचे. पण २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, मुंबई हाकेवर आली, आणि जे सेझला जमले नाही ते एकेक प्लॉट करून दलालांना जमू लागले. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? खारबांध फुटला की भात जाते, मुलगा शेतीत राहायला तयार नाही, आणि समोर रोकड. तरी तार ओढली गेली की पहिला बाहेर पडतो तो हा वाडा, ज्याचे त्या जमिनीवर कागदात काहीच नाही. लोकरीचेही तेच. घोंगडीला गिऱ्हाईक राहिले नाही, दख्खनी लोकर राठ म्हणून व्यापारी हात लावत नाही, कातरायची मजुरीही सुटत नाही. आता जगणे मटणाच्या भावावर आणि असल्या रात्रींच्या तांदळावर.

त्यांच्यातल्या एका तरुणाने, बारावी शिकलेल्या, मला पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद दाखवले. आज्याच्या वेळच्या जंगल खात्याच्या चराईच्या आणि दंडाच्या पावत्या. कडा झिजलेल्या, शिक्का अर्धा पुसलेला. "आजा म्हनायचा, ह्ये आमच्या चोरीचं कागद," तो म्हणाला. मी त्याला म्हटले, हे जपून ठेव. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. तो फक्त आदिवासींपुरता नाही. मात्र आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास्तव्याचा आणि रानावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तिथेच सगळे अडते. पण त्या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी कागदपत्रे चालतात, गॅझेटियर चालते, जुने सर्व्हेचे अहवाल चालतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. १८८३ चे कुलाब्याचे गॅझेटियर इंग्रजांनीच छापले आहे. ज्या सरकारने रान बंद केले त्याच सरकारने, दंड घेताना का होईना, ही माणसे इथे येत होती असे लिहून ठेवले.

"पन आमी ज्या रानात चारतो ते माणगावच्या बाजूला," तो तरुण म्हणाला. "तिथल्या ग्रामसभेत आमचं कोन बोलनार?"

दावा ग्रामसभेपुढे जातो, आणि ग्रामसभा तिथल्या रहिवाशांची. याला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मामा मात्र इतका वेळ गप्प होते ते बोलले. माणगावकडे आमची सोयरीक आहे, तिथल्या बौद्धवाडीतला एकजण ग्रामपंचायतीत सदस्य आहे. "वडीलधाऱ्यांचा जबाब लागतो म्हणतेस ना? तिथले म्हातारे अजून आहेत. ह्यांना येताना-जाताना त्यांनी बघितलंय. माझा आजा हद्द दाखवायचा, त्यांचेही दाखवायचे."

त्याने पावत्या पुन्हा गुंडाळल्या, मोबाइलमध्ये त्या गावाचे आणि सदस्याचे नाव टिपले. तिसऱ्या रात्रीनंतर वाडा नागोठण्याच्या अंगाने निघणार होता, मार्चपर्यंत माणगावला. आपण २० मार्चला महाडला जाऊ तेव्हा तो तिकडेच कुठेतरी असेल. मामींच्या वालाचे एक पानही गेले नव्हते, आणि कबूल केलेल्या मणावर तिने दोन शेर स्वतःहून घातले.